पोरं रानातच वाढतात, मग शाळेने काय शिकवायचे?

पत्र: जव्हार तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी बदलीने आले, त्याला दोन वर्षे झाली. मी मूळची सोलापूरकडची. पट 34, बहुतेक मुले वारली, काही कोकणा, काही कातकरी. गेल्या डिसेंबरात 'आनंददायी शनिवार' या शालेय उपक्रमासाठी सगळ्यांना रानात नेले. एका मुलाला खाजकुयली लागली, दोन मुली न सांगता ओढ्याकडे गेल्या. सोमवारी पालक म्हणाले, "पोरं रानातच तर वाढतात बाई. शाळेत अक्षरं शिकवा." त्याआधी 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, पाड्यावरच्या एका आजींना बोलावून गाणे म्हणायला लावले होते, शाल-श्रीफळही दिले. पुढे काहीच झाले नाही. इथल्या लोकांचे ज्ञान, मुलांचे खेळ आणि परिसर अभ्यास हे एकत्र आणायचे तर सुरुवात कुठून करू? आणि पावसात मुलांना बाहेर न्यावे का? रेनकोट फक्त सहा जणांकडे आहेत.

उत्तर:

नमस्कार ताई,

पालकांचे म्हणणे बरोबर आहे. ते बरोबर आहे असे धरूनच पुढची आखणी करा. करटुलीचा वेल कुठे आहे आणि ओढ्यात कोणत्या दगडाखाली खेकडा बसतो, हे तुमच्या चौथीतल्या मुलीला तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तिला रानात नेऊन "हे बघ, हे पान" म्हणणे म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहायला शिकवणे. शहरातल्या मुलांना संगणक मिळतो आणि आपल्या पोरांना शाळेतही रानच, असेही त्या पालकांच्या मनात असणार. ते चुकीचे नाही.

म्हणून एक नियम घाला. रानातली प्रत्येक फेरी वहीत येऊन संपली पाहिजे. मुलांना जे येते ते लिहायला, मोजायला आणि वाचून दाखवायला लावणे, एवढेच शाळेचे काम. ते नीट झाले की पालकांना हवी असलेली अक्षरेही त्यातूनच मिळतात. पहिल्या दोन महिन्यांनंतर तीन-चार मुलांना पाड्यावर नेऊन त्यांनी लिहिलेले मोठ्याने वाचू द्या. तुम्ही भाषण करू नका.

आता जागा. "रान" ही जागा नव्हे, फार मोठी आहे. शाळेपासून दहा मिनिटांच्या चालीवर साधारण 20 मीटर बाय 20 मीटरचा एक तुकडा निवडा आणि वर्षभर तिथेच जा. एखादे चढण्याजोगे झाड, थोडी मोकळी जमीन, थोडी झुडपे असली की पुरे. दर वेळी नवी जागा शोधली तर मुले फक्त हुंदडतात. त्याच जागी गेले की "मागच्या वेळी हे नव्हते" असे आपोआप म्हणू लागतात, आणि परिसर अभ्यासाला लागते ते निरीक्षण तिथून सुरू होते. शिवाय धोके एकदाच नीट तपासावे लागतात. कडेच्या झाडांना लाल चिंध्या बांधा. त्या दोन मुली ओढ्याकडे गेल्या, कारण हद्द तुमच्या डोक्यात होती, त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती. एक लांब शिट्टी म्हणजे ठरलेल्या झाडाखाली परत यायचे, हे आधी शाळेच्या अंगणात दोनदा खेळून घ्या. मुलांच्या जोड्या लावा. मोजणी निघताना, पोचल्यावर आणि परत निघताना, अशी तीनदा.

34 जणांना एकत्र नेऊ नका. निम्मी मुले तुम्ही न्या, निम्मी दुसऱ्या शिक्षकांजवळ वर्गात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. तुमच्या 17 जणांबरोबर पाड्यावरची दोन मोठी माणसे हवीत. पहिली-दुसरीची मुले असतील तर तीन.

आदल्या दिवशी एकटीने नाही, पाड्यावरच्या कोणालातरी घेऊन तो तुकडा पाहून या. वर बघा: वाळकी फांदी, आग्यामोहोळ, गांधीलमाशीचे पोळे. मग खाली बघा: बिळे, दगडांचे ढीग, उघडी विहीर. खाजकुयलीचा वेल पावसात निरुपद्रवी दिसतो. दिवाळीनंतर शेंगा सुकल्या की त्यांच्यावरची मखमल वाऱ्यानेही उडते, म्हणून डिसेंबरात तुमच्यावर तो प्रसंग आला. लागलीच तर चोळू देऊ नका, केस आणखी आत रुततात. चिकटपट्टी दाबून ओढा, चार-पाचदा नवी पट्टी घ्या, मग भरपूर पाणी ओता आणि सदरा बदला. डोळ्यात गेली असेल तर पाण्याने धूत दवाखाना गाठा. बिब्ब्याचे झाड मुलांना बहुधा ओळखता येते, पण खात्री करून घ्या. त्याच्या चिकाने कातडी भाजते.

सगळ्यात मोठा धोका मात्र अनेकदा रानात नसतो, शाळेच्या कुंपणातच असतो. मोगली एरंड. त्याच्या बिया चवीला गोडसर लागतात, मुले वाटून खातात आणि तासाभरात सगळा वर्ग ओकू लागतो. कुंपणाला असेल तर शाळा उघडण्याआधी काढून टाका. गुंजांचेही तसेच. 96 गुंजांचा एक तोळा हे जुने माप गणिताला मोहात पाडणारे आहे, पण फुटलेली किंवा भोक पाडलेली गुंज पोटात गेली तर जिवावर बेतते. मोजायला चिंचोके घ्या.

साप चावला तर काय करायचे हे आधीच ठरवून सोबतच्या दोघांनाही सांगून ठेवा. चिरायचे नाही, चोखायचे नाही, करकचून बांधायचे नाही. चावलेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने हलणार नाही असा ठेवायचा, मुलाला चालवायचे नाही, 108 ला फोन करायचा आणि प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यायचे. इथे भगताकडे, म्हणजे पाड्यावरच्या वैदू-मांत्रिकाकडे, आधी जायचे का, यावर चर्चा नको. पाड्याच्या ज्ञानाचा आदर आणि सर्पदंशाचे उपचार या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नका. भगतांनाही हे आधीच, मानाने, त्यांच्या अंगणात बसून सांगा. बरेचदा तेच पोराला गाडीत बसवायला पुढे येतात.

आता मुख्य गोष्ट, धडा कसा घ्यायचा. एकच उदाहरण सविस्तर देतो: शेवळा ही पावसाळ्याच्या तोंडावरची रानभाजी. तुमची शाळा जूनच्या मध्यात उघडते तेव्हा शेवळाचा हंगाम संपत आलेला असतो, म्हणून पहिला आठवडा त्यालाच द्या.

पहिल्या पावसाच्या सुमारास जमिनीतून नुसता फुलोऱ्याचा दांडा वर येतो. पान नाही, फांदी नाही. पान जुलैत येते, छत्रीसारखे, आणि तोवर फुलोरा जिरून गेलेला असतो. पुस्तकातल्या आकृतीत मूळ, खोड, पान, फूल सगळे एकाच वेळी एकाच झाडावर दाखवलेले असते. शेवळा ती आकृती मोडतो. वहीत आकृती काढायला सांगा आणि "पान कुठे?" एवढेच विचारा. काही मुले सवयीने पान काढतील, काही तुमच्याकडे बघतील, आणि एखादा म्हणेल, "पान मागून येतं बाई." त्यालाच फळ्याजवळ बोलवा.

मग तुकड्यावर जा. चार काड्या आणि चार मीटर सुतळी दिली की एका गटाचा एक मीटर बाजूचा चौरस तयार होतो. त्यातले दांडे मोजायचे, प्रत्येक दांड्याशेजारी खूण म्हणून काडी रोवायची, तारीख लिहायची. उपटायचे नाही, कंद जमिनीत राहिला तरच पुढचे काही पाहायला मिळेल. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात परत जाऊन बघायचे, किती काड्यांपाशी पान आले आणि काडी नसलेल्या किती जागी आले. उत्तर तुम्हालाही ठाऊक नसेल, हेच या धड्याचे बळ. लहान कंदाला त्या वर्षी फुलोरा येत नाही, नुसते पान येते. तिथपर्यंत मुले स्वतः पोचतात का बघा, घाईने सांगून टाकू नका.

त्याच आठवड्यात त्या आजींना बोलवा, पण या वेळी गाण्यासाठी नको. शेवळाची जुडी आणि त्या भाजीत घालतात ती काकडाची आंबट फळे त्यांच्यापुढे ठेवा आणि शेवळे निवडू द्या. बोलायला सांगितलेले माणूस अवघडते. हातात काम असले की बोलते. मुलांनी आधी वर्गात तीन प्रश्न लिहून ठेवलेले असावेत. आतला पिवळा भाग का काढतात? काकड का घालतात? कोणते शेवळे तोडत नाहीत? प्रश्न मुलांनी त्यांच्या बोलीत विचारायचे, तुम्ही मुलांच्या रांगेत बसायचे. कळले नाही तर एखाद्या मुलीला अर्थ विचारायचा. "बाईंना हे येत नाही आणि मला येते" हा अनुभव तिला शाळेत एरवी कधी मिळतो?

विज्ञान नंतर, वर्गात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात म्हणून खवखवते. पिवळा भाग जास्त खाजरा म्हणून तो काढून टाकतात, आणि आंबट काकडामुळे खाज सोसण्याइतकी उतरते. आजींनी सांगितलेले वाक्य आणि हे वाक्य वहीत एकाखाली एक लिहा. "आजी म्हणतात" आणि "खरे कारण" असे मथळे मात्र देऊ नका. तसे दिलेत तर धडा तिथेच बुडाला.

उरलेले धागे सोपे आहेत. एका जुडीत किती शेवळे, बाजारात भाव काय, पाच जुड्यांचे किती, हे आईला विचारून यायचे. कृती आधी घरच्या बोलीत सांगायची, मग मराठीत पाच वाक्यांत लिहायची. तिसरीच्या परिसर अभ्यासात भोवतालच्या वनस्पतींची पाने, खोड, साल यांचा आकार, रंग, स्पर्श, वास ओळखणे ही अध्ययन निष्पत्ती आहेच. केंद्रप्रमुखांनी विचारले तर ती पुढे करा. उमललेल्या शेवळाचा कुजकट वास तर कोणी विसरणार नाही.

तुकड्यावर काहीही तोंडात घालायचे नाही, हा नियम तुम्हालाही लागू. रानभाजी शिजवायचीच असेल तर ती घरी, आणणाऱ्या बाईच्या हातची. शाळेच्या पोषण आहारात रानातून गोळा केलेली भाजी घालू नका. एक चुकीचे पान 34 ताटांत जाते. परसबागेत टाकळा किंवा करटुली लावलीत तर गोष्ट वेगळी.

बोलीबद्दल आणखी थोडे. एकच भाजी एका घरात फोडशी, दुसऱ्यात कुळू. करटुली, करटोली, कंटोली तिन्ही ऐकू येईल. वारली, कोकणा आणि कातकरी मुलांचे शब्द वेगळे निघतील. भिंतीवर मोठा कागद लावा, पहिल्या रकान्यात चित्र, पुढच्या रकान्यांत सगळी नावे, शेवटी पुस्तकातले. कोणतेही नाव खोडायचे नाही. "शुद्ध शब्द असा" हे तोंडून निघाले की पुढचा महिनाभर मुले गप्प बसतील.

आजींच्या मानधनाचे ठरवा. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसात त्यांचा अर्धा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, आणि शालीने ती भरून निघत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या, कोणत्या अनुदानातून देता येईल ते केंद्रप्रमुखांना आधी विचारा, आणि निदान त्या दिवसाच्या स्थानिक मजुरीइतके द्या. सभा सकाळी अकराला लावू नका. संध्याकाळी पाड्यावर जा.

त्याच बैठकीत आणखी एक विचारायचे: कुठे जायचे नाही आणि काय विचारायचे नाही. देवराईत शिरायचे असेल तर परवानगी लागेल, आणि कदाचित मिळणार नाही. भगतांचे औषध हा शाळेचा विषय नाही. भाज्या, फळे, खेळ, बी-बियाणे, पाऊस, पक्षी एवढ्यात वर्ष सहज जाते. वारली लग्नात भिंतीवर पालघट देवीचा चौक सवाशिणी भक्तिभावाने लिहितात, तो हस्तकलेच्या तासाला काढायला लावू नका. मुलांनी आपले घर, शेत, तारपा वाद्यावरच्या नाचाचा फेर खुशाल काढावा. मुलांनी गोळा केलेल्या नावांचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरवू नका. 2006 च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक ज्ञानावरचा सामुदायिक हक्क मान्य केला आहे, आणि 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीच्या समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती वही आहे का, असल्यास त्यात काय लिहिले आहे, हे पाचवीच्या मुलांनी जाऊन पाहावे. बऱ्याच गावांत ती बाहेरच्या माणसाने एका दिवसात भरलेली असते. मुलांच्या यादीत तिच्यापेक्षा जास्त नावे निघाली तर समितीला दाखवा, निर्णय त्यांचा.

खेळाकडे वळू. दीड तासाच्या फेरीत निदान अर्धा तास मोकळा खेळ हवा. त्यात तुम्ही शिकवायचे नाही, फक्त नजर ठेवायची. सगळे खेळ "शैक्षणिक" करायच्या हौसेने आपण खेळच मारून टाकतो. सूरपारंबी खेळताना दोनच अटी: साल ओली असेल तर चढायचे नाही, आणि सगळ्यात लहान मुलाच्या मनगटापेक्षा बारीक फांदीवर भार द्यायचा नाही. उंचीची मर्यादा झाडालाच चिंधी बांधून दाखवा, दोन मीटर बस्स.

खेळून झाल्यावर, वर्गात, त्याच खेळाचे गणित होते. विटी-दांडूत अंतर दांडूने मोजतात आणि अनेक गावांत मोजणी वकट, लेंड, मूंड, नाल अशी चालते. हे आकडे तेलुगूतल्या आकड्यांचे भाऊबंद आहेत. तुम्ही सोलापूरच्या, तुमच्या कानाला ते लगेच ओळखीचे वाटतील. प्रत्येक गटाने आपला दांडू पट्टीने मोजायचा. एकाचा 48 सेंटिमीटर, दुसऱ्याचा 55. मग "माझी विटी वीस दांडू गेली, तुझी अठरा, लांब कोणाची?" 960 आणि 990. प्रमाणित मापाची गरज का पडली, हे भांडणातूनच कळते. गजग्यांच्या खेळात सागरगोटा दगडावर घासून दुसऱ्याला चटका द्यायची खोड मुलांना असतेच. घर्षणाचा धडा आयता मिळाला, ती खोड एकदा सगळ्यांसमोर करून दाखवू द्या.

गलोल घेऊन येणारी मुले असतील. हिसकावू नका, तो मुलगा तुमच्याबरोबर पुन्हा येणार नाही. मातीच्या वाळवलेल्या गोळ्या आणि झाडाला टांगलेला डबा द्या, पाखरांवर मारायची नाही ही अट घाला, आणि पाखरांची नावे सांगायला त्यालाच पुढे करा. त्याच्याइतके त्यांना निरखून कोणी पाहिलेले नसते. मातीच्या गोळ्यात बी घालून रानात फेकायचे, असे बीजगोळ्यांचे कार्यक्रम मी तरी करणार नाही. कातळावर फेकलेली आंब्याची कोय फोटोपुरतीच उगवते.

वर्षाची आखणी करताना दिवाळी ही सीमारेषा धरा. जून ते ऑक्टोबर भरगच्च ठेवा: शेवळा, आवणी, करटुली, ओढ्याचे पाणी, भात पिकणे. दिवाळीनंतर काही घरे वीटभट्टीवर जातील आणि मुलेही जातील. त्यांना तिकडच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड द्याच, पण परिसराची वहीही सोबत द्या. भट्टीजवळचे एक झाड, एक पक्षी, दर आठवड्याला दोन ओळी. वर्षभराचे निरीक्षण अशा मुलाच्या एकट्याच्या नावावर ठेवू नका, जोडीदार गावात राहणारा असू द्या, नाहीतर मार्चमध्ये त्याच्या नोंदी अर्धवट राहतात आणि तो कमी पडल्यासारखा दिसतो. वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या वाघदेवाच्या सणाला, पाड्याने बोलावले तर जा, शाळेत तिचा देखावा मांडू नका. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे पडतात आणि वेचणी सकाळी लवकर असते. त्या दिवसांत उशिरा येणाऱ्या मुलांना ओरडण्याऐवजी किती वेचली ते लिहून घ्या.

राहिला पाऊस. रिमझिम असेल तर जा. विजा कडाडत असतील, ओढा गढूळ होऊन चढू लागला असेल किंवा जोराचा वारा असेल तर जायचे नाही. जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा बहुधा दुपारनंतर येतात, म्हणून फेरी सकाळचीच ठेवा आणि गडगडाट ऐकू आला की एकट्या झाडाखाली न थांबता शाळेत परत या. पायाला जखम असलेल्या मुलाला चिखलात उतरवू नका. रेनकोटचे म्हणाल, तर मुलांच्या घरी विचारा. खताच्या रिकाम्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला की डोक्यापासून पाठीपर्यंत खोळ होते. आवणीला सगळे तेच घेतात. पोते आधी दोनदा धुऊन वाळवायला सांगा. कोणाच्या घरी जुने इरले असेल तर तेही मागवा, आणि ते कशाकशाचे बनले आहे हे मुलांना उलगडून पाहू द्या. सहा रेनकोट पहिलीच्या मुलांना द्या, आणि तुमच्यासाठीही एक पोते मागून घ्या.